नृत्यसंघाची नोंदणी : आधी नियमावली, मग नाच

गणपती आणि नवरात्र जवळ आलं की अंबरनाथ पूर्वेला सोसायट्यांच्या गच्चीवर नाच बसू लागतात. तिथे नाचणाऱ्या बऱ्याच मुलांच्या पायांत स्पर्धेत उतरण्याची ताकद असते. पण आधी नाच बसतो आणि फॉर्म शेवटच्या दिवशी भरला जातो. क्रम उलटा हवा, कारण संघात किती जण आणि नाच किती मिनिटांचा हे नियमावली ठरवते.

पहिलं काम, कुठून उतरायचं ते ठरवणं. कॉलेजात शिकत असाल तर मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे. तिथे नोंदणी कॉलेजच्या नावाने होते, म्हणून सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांना भेटा. कॉलेजबाहेरच्या मुलांसाठी जिल्हास्तरीय युवा महोत्सव असतो. अंबरनाथ ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या सूचनेवर लक्ष ठेवायचं. यासाठी वय १५ ते २९ लागतं. इथली वाट विभाग आणि राज्य पार करत राष्ट्रीय युवा महोत्सवापर्यंत जाते. २०२४ च्या जानेवारीत तो नाशिकला झाला होता.

आता संघ. उदाहरण म्हणून आंतरविद्यापीठ महोत्सवांचे नियम घ्या : त्यांत लोकनृत्याला जास्तीत जास्त १० नर्तक आणि ५ साथीदार चालतात, वेळ १० मिनिटांपर्यंत. समजा, तुम्ही बारा जणी आहात आणि आगरी लग्नातला नाच बसवताय. मग दोघींना बाहेर काढायची गरज नाही. एकीचा गळा चांगला असेल तर ती गायला बसेल, दुसरी झांज धरेल. हे फॉर्म भरण्याआधी ठरलं, तर कुणाचं मन दुखत नाही.

नाचाबरोबर माहितीचं टिपण द्यावं लागतं. आंतरविद्यापीठ नियमांनुसार त्याच्या तीन प्रती, गाण्याचे शब्द आणि वाद्यांची यादी नोंदणीवेळीच द्यायची असते. हे टिपण उरकून टाकू नका. हा नाच कुणाचा, कोणत्या प्रसंगी होतो, धवले म्हणजे लग्नगीतं म्हणणारी धवलारीण लग्नात काय करते, हे पाच-सहा ओळींत लिहा. घरातल्या आजीला विचारून लिहिलंत, तर परीक्षकांना खरा नाच दिसतो. सिनेमातल्या गाण्यावरचा नाच लोकनृत्यात धरला जाईल असं गृहीत धरू नका.

कागदपत्रांची एक फाइल करा : प्रत्येकाचं ओळखपत्र, वयाचा पुरावा, फोटो, कॉलेजचा संघ असेल तर प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र. आधार कार्डावरचं आणि फॉर्मवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. अठरा वर्षांखालच्यांच्या पालकांची लेखी संमती घ्या. संघप्रमुख एकच नेमा आणि सतत उचलला जाईल असा त्याचा मोबाइल नंबर द्या. ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर बदली नर्तक चालतो का, हेही आधीच विचारून घ्या.

रेकॉर्ड केलेलं संगीत चालणार असेल तर ते दोन पेनड्राइव्हवर ठेवा. सरावात प्रवेशापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत घड्याळ लावा आणि नाच नऊ मिनिटांत बसवा. उरलेलं मिनिट रंगमंचावरची धांदल खाते.

गच्चीवरचा सराव रात्री दहाच्या आत आटोपा, कारण त्यानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे.

कॉलेज सुरू होताच पहिल्या महिन्यात नियमावली मागून घ्या, सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा आणि मगच पहिलं पाऊल टाका.