खाऱ्या हवेतला फोर बाय फोर

अक्षी ओलांडून किनाऱ्यावरच्या नागावात शिरलं की रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अरुंद होत जातो. वाड्या संपल्या की सुरूचं बन, आणि पुढे थेट रेती. ओली रेती घट्ट असते, तिच्यावर गाडी सहज चालते. सुरूच्या बाजूची कोरडी रेती भुसभुशीत, तिथे नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी पिकअप बघता बघता ॲक्सलपर्यंत रुतते. मग हिशेब भरतीचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अशा वेळी डॅशबोर्डवरचा डायल फोर-एचवर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या खुणेवर, फिरवावा, आणि दिवा नुसता लुकलुकत राहावा! आदल्याच दिवशी हाच डायल एका झटक्यात लागलेला असतो.

महिंद्रने 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपमध्ये डायल नव्हता; ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या चाकांकडेही ताकद वळवणाऱ्या गिअरपेटीचा, दांडा थेट ड्रायव्हरच्या हाताशी होता. हात, दांडा, गिअर. मध्ये वीज नाही. दांडा अडला तर तो अडल्याचं हाताला कळायचं. नंतरच्या काही गाड्यांत, म्हणजे महिंद्रच्या स्कॉर्पिओ गेटअवेत किंवा 2016 साली भारतात आलेल्या इसुझू व्ही-क्रॉसमध्ये, दांड्याच्या जागी डायल आला. सोय मोठी आहे, चालत्या गाडीत टू-एचवरून, म्हणजे दोन चाकांवरून, फोर-एचवर जाता येतं. पण हाताला कळणारी ती खूण गेली.

डायल स्वतः काहीच हलवत नाही. तो मोड्यूलला, म्हणजे फोर बाय फोर सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, नुसता निरोप देतो. मोड्यूल गाडीचा वेग बघतो, फोर-एल, म्हणजे चारही चाकांचा संथ पण जास्त जोराचा गिअर, हवा असेल तर गाडी थांबली आहे का, क्लच दाबला आहे का हे तपासतो, आणि मग ट्रान्सफर केसवरच्या छोट्या मोटरला करंट सोडतो. मोटर आतला काटा सरकवते. काटा कुठवर आला हे मोटरमधलेच काँटॅक्ट बारीक तारांवरून मोड्यूलला कळवतात. ही खबर अर्धवट किंवा विसंगत आली तर मोड्यूल गिअरचे दात वाचवण्यासाठी काम थांबवतो आणि दिवा लुकलुकतो. मशीन इथे शहाणपणानेच वागत असतं. त्याला मिळालेली माहिती खोटी असते.

ती खोटी का, याचं उत्तर नागावच्या हवेत आहे. खारा वारा, पावसाळ्यातला चिखल आणि रेतीतून उडालेलं पाणी गाडीच्या पोटाखाली बसतं, आणि मोटर, तिचा कपलर, चॅसीला जोडलेली अर्थ वायर हे सगळं नेमकं तिथेच. कपलरमधल्या तांब्यावर हिरवट थर चढतो. प्लास्टिकच्या आवरणाआडून पाणी तारेच्या धाग्यांत चढत जातं. वरून वायर नवी, आतून काळी. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून पहाटेच्या दवात बिघडलेलं फोर बाय फोर दुपारी गॅरेजमध्ये ठणठणीत चालतं, आणि मालकाचं म्हणणं कुणाला पटत नाही. माझ्या मते या आजारात सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो: दोष सापडत नाही म्हणून अंदाजाने मोड्यूल बदलायचा, मग मोटर.

मल्टिमीटरही फसवतो. मोटरचा कपलर काढून प्रोब लावले की साडेबारा व्होल्ट दिसतात, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. वायरमधला एकच धागा शाबूत असला तरी आकडा पूर्ण येतो. मोटर मात्र करंट मागते. समजा ती दहा अँपिअर घेते आणि गंजलेल्या जोडात तीन दशांश ओहमचा अडथळा आहे, तर तीन व्होल्ट तिथेच संपले. उरलेल्या साडेनऊ व्होल्टवर मोटर अडखळते, काटा मध्येच थांबतो.

म्हणून जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन कपलर जोडलेलाच ठेवतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मोटरच्या अर्थवर, आणि डायल फिरवायला सांगतो. मोटर फिरत असताना दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त व्होल्ट दिसले, तर दोष अर्थच्या वाटेवर. तीच तपासणी मग पॉझिटिव्ह बाजूला, फ्यूज आणि रिलेसह. हे निर्दोष निघालं तर वायरिंग हाताने हलवत, कपलरवर पाणी शिंपडत दोषाला बोलावून घ्यायचं. दुपारी पहाटेची ओल तयार करायची ती अशी. यानंतर मोटरचे काँटॅक्ट, आणि मोड्यूल सगळ्यांत शेवटी.

दुरुस्ती बहुतेकदा साधी असते. अर्थचा बोल्ट काढून चॅसी चकचकीत घासायची, नवा लग दाबायचा, काळी पडलेली वायर चांगलं तांबं लागेपर्यंत कापायची, जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची, कपलरच्या सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं. रेतीतून आल्यावर गोड्या पाण्याने पोट धुवायचं, पण प्रेशरचा फवारा कपलरवर रोखायचा नाही. महिन्यातून एकदा फोर-एच लावून गाडी थोडी चालवायची, तीही मातीच्या वाटेवर. डांबरी रस्त्याच्या वळणावर पुढची-मागची चाकं वेगळी अंतरं कापतात, आणि तो ताण ट्रान्सफर केसला सोसावा लागतो.