वादळात जहाज सोडावे काय?

समुद्र खवळला तर सफरीच्या जहाजांनी प्रवास रद्द करावा काय? आमच्या मते करावाच.

२३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेत वादळाचा इशारा असूनही ‘वायकिंग स्काय’ हे जहाज १३७३ माणसे घेऊन हुस्टाडविकाच्या खडकाळ पट्ट्यात शिरले. इंजिनांत वंगणतेल कमी होते. जहाज डोलू लागताच तेल पोहोचेना, इंजिने बंद पडली आणि जहाज खडकांकडे वाहू लागले. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. नशिबाने सारे वाचले.

आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ करारानुसार सुरक्षिततेच्या निर्णयात मालकाने कप्तानाच्या आड येऊ नये. पण सफर रद्द झाली तर मालकाला तोटा होतो, हे कप्तानही जाणतो. म्हणून हा तोटा मालकाने आधीच तिकिटाच्या दरात धरावा. आम्ही कापडवालेही गाठींच्या विम्याचा खर्च मालाच्या दरात धरतोच.

जुलै १९४७ मध्ये मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंवर माणसे गेली. आज गेटवे-मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद राहतात, तरी त्यांचा धंदा चालूच आहे.

व्यापारी बांधवांनी सफरीचे तिकीट काढताना, रद्द झाल्यास पैसे परत मिळतील काय, हे आधी विचारून घ्यावे.