उन्हातले चिलखत

बेलापूरहून वाशीला मोटारसायकलने येताना, एप्रिलच्या उकाड्यात मी जाकीट घालतो याचे मित्रांना नवल वाटते. पण डांबराला ऋतू नसतो! घसरून पडल्यास सुती सदरा क्षणात फाटतो. पुढची पाळी कातडीची. यावर तोड म्हणजे जाळीदार जाकीट: खांद्या-कोपरांवर गाद्या, बाकी जाळी. घाम वाळला तरच अंग निवते. खाडीकाठच्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही. म्हणून वारा आत खेळला पाहिजे. सिग्नलला थांबताच मात्र जाळीचा उपयोग सरतो. हेल्मेट तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेच (कलम १२९) सक्तीचे. ते आयएसआय शिक्क्याचे, हवेला वाटा असलेले आणि फिक्या रंगाचे घ्यावे. घाम पुसता येतो, मित्रहो. फुटलेले डोके सांधणे सोपे नाही.