जलपर्णी काठावर टाकू नका



मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला अडकलेली जलपर्णी आपण काढतो आणि तिथंच काठावर टाकतो. चूक इथंच होते. पाणी चढलं की ती परत नदीत जाते आणि सांडपाणी व वाहून आलेल्या खतावर साधारण १५ दिवसांत दुप्पट होते.

पाण्यावर तिचं झाकण बसलं की ऊन आत जात नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. डासही वाढतात.

काय कराल?
१) जांभळं फूल येण्याआधीच मुळासकट काढा. बी गाळात २० वर्षांपर्यंत टिकतं.
२) काठापासून लांब नेऊन वाळवा, मग शेणासोबत कुजवा.
३) शोभेसाठीसुद्धा शेततळ्यात एकही रोप सोडू नका.
४) मोठा पाऊस तोंडावर असताना युरिया टाकू नका.

गटातल्या सगळ्यांना पाठवा.