प्रेशर कुकरची घरगुती दुरुस्ती

प्रेशर कुकर आता खेडोपाडीही पोहोचला आहे. कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे त्यातील पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे अन्न लवकर शिजते व इंधनाची बचत होते. कुकरमधील बहुतेक बिघाड किरकोळ असून ते घरीच दूर करता येतात. मात्र कुकर पूर्ण थंड व रिकामा झाल्यावरच दुरुस्ती हाती घ्यावी.

झाकणाच्या कडेने वाफ निसटत असल्यास रबरी रिंग तपासावी. ती मळली असेल तर धुऊन बसवावी. कडक झाली, चिरली वा सैल पडली असेल तर त्याच मापाची नवी घ्यावी. शिट्टी होत नसल्यास ती जिच्यावर बसते ती नळी उजेडासमोर धरून पाहावी. आरपार उजेड दिसला नाही, तर अडकलेले डाळीचे कण बारीक तारेने काढावेत.

सुरक्षा झडपेची, म्हणजेच सेफ्टी व्हॉल्व्हची, बाब वेगळी आहे. पाणी आटून उष्णता बेसुमार वाढली की झडपेतील मिश्रधातू वितळतो व वाफेला वाट मिळते. झडप गेली म्हणजे तिने आपले काम चोख बजावले. तिचे छिद्र खिळा वा स्क्रू ठोकून बुजवणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण होय. तेथे त्याच बनावटीची नवी झडपच बसवावी.

घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह २०२१ पासून बंधनकारक आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती महिला सभांतून दिल्यास अनेक अपघात टळतील.