सकाळी इंजिन का खडखडतं?



भात झोडून झालं की आपल्याकडे भेंडी, काकडी, मिरचीची लगबग सुरू होते. ओढ्यावर गटाचं डिझेल इंजिन बसतं. थंडीत सकाळी हँडल मारलं की ते असं खडखडतं, की कुणी म्हणतं ‘बंद करा’, कुणी म्हणतं ‘चालू द्या’. खरं काय करायचं?

आधी कारण समजून घेऊ. थंडीत खोबरेलाची बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही. इंजिनचं ऑइल तसं गोठत नाही, पण दाट होतं. शिवाय रात्रभरात ते खालच्या चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सुरू केल्यावर ते वर पोहोचेपर्यंत लोखंडावर लोखंड वाजतं. दुसरं म्हणजे, डिझेल पेटतं ते दाबून तापलेल्या हवेने. इंजिन गार असलं की ते जरा उशिरा आणि एकदम पेटतं, म्हणून ठोके ऐकू येतात.

आता आवाज ओळखा. वरून बारीक टकटक आली आणि थोड्याच वेळात थांबली, तर घाबरू नका. इंजिन तापल्यावरही टकटक राहिली, तर टॅपेट तपासून घ्या. पण खालून जड ठक-ठक येत असेल आणि भार पडल्यावर वाढत असेल, तर लगेच बंद करा. बेअरिंग गेलेलं असू शकतं. ‘एवढा वाफा भिजवून घेऊ’ म्हणत चालवलं, तर क्रँकही जातो आणि गटाची बचत दुरुस्तीत संपते.

सुरू करण्याआधी दोन मिनिटं द्या. इंजिन सपाट जागी ठेवा, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. डिझेल इंजिनचं ऑइल काळं होतंच, त्यात वावगं नाही. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळतंय. दोन्ही वेळा मिस्त्रीला दाखवल्याशिवाय चालवू नका. सुरू झाल्यावर लगेच रेस देऊ नका.

डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर वर चढतं. दुसरा आकडा तापल्यावर ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. कुठलं घ्यायचं ते इंजिनच्या पुस्तिकेत बघा, दुकानात समोर असेल ते उचलू नका. ऑइल किती तासांनी बदलायचं तेही तिथेच असतं. म्हणून गटाच्या वहीत पैशांसोबत इंजिन किती तास चाललं तेही लिहा.

काढलेलं ऑइल ओढ्यात ओतू नका. शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं, पण ओढ्याचं पाणी आपली गुरं आणि आपली माणसं पितात. ते डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

येत्या बैठकीत ठरवा, पट्टी रोज कोण बघणार.