जुन्या एटीव्हीचा रास्त भाव कसा ठरवावा?

अमेरिकेत शहरापासून थोडे दूर, एकर-दोन एकर जागेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांत 'ऑल-टेरेन व्हेइकल' अर्थात एटीव्हीचा विषय केव्हा ना केव्हा निघतोच. हिवाळ्यात अंगणातील बर्फ लोटण्यासाठी, लाकूडफाटा ओढण्यासाठी किंवा सुटीत रानवाटांवर भटकण्यासाठी ही चारचाकी उपयोगी पडते. नव्या गाडीची किंमत पाहिली की नजर साहजिकच वापरलेल्या गाडीकडे वळते. मात्र दुकानातील छापील किमतींना सरावलेला नोकरदार खासगी विक्रेत्यासमोर गोंधळतो. काही जण संकोचाने मागितलेली रक्कम देऊन मोकळे होतात, तर काही निम्म्या किमतीपासून घासाघीस सुरू करून विक्रेत्याला दुखावतात. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. रास्त भाव वाक्चातुर्याने ठरत नाही, तो पुराव्याने ठरतो आणि तो पुरावा विक्रेत्याच्या दारी जाण्यापूर्वीच गोळा करावा लागतो.

आधारभाव

मोटारगाड्यांप्रमाणे एटीव्हीचेही अंदाजी मूल्य 'केली ब्लू बुक' आणि 'जे. डी. पॉवर' यांच्या मार्गदर्शिकांत मिळते. तेथे कंपनी, वर्ष आणि नेमके मॉडेल अचूक भरावे. एकाच नावाच्या गाडीत दोन चाकांना आणि चारही चाकांना शक्ती देणारे प्रकार असू शकतात व त्यांच्या भावात बराच फरक पडतो. त्यानंतर शे-दीडशे मैलांच्या परिसरातील तशाच पाच-सहा गाड्यांच्या जाहिराती पाहाव्यात. जाहिरातीतील आकडा ही विक्रेत्याची अपेक्षा असते, प्रत्यक्ष विक्री बहुधा त्याहून कमी रकमेला होते. ऋतूचाही परिणाम होतो. रानवाटांवर फिरण्याचा हंगाम जवळ आला की वसंतात मागणी वाढते. बर्फ लोटण्याचे यंत्र जोडलेली गाडी मात्र पहिल्या हिमवृष्टीच्या सुमारास स्वस्त मिळण्याची आशा धरू नये.

गाडी काय सांगते

गाडी पाहायला जाण्याआधी ती सुरू करून ठेवू नये, अशी विनंती विक्रेत्याला करावी. थंड इंजिन सहज सुरू होते का, यावरून बरेच कळते. निळसर धूर तेल जळत असल्याची खूण आहे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरल्याची शंका घ्यावी. एअर फिल्टरच्या पेटीत चिखलाचे डाग असतील, तर गाडी केव्हातरी खोल पाण्यात किंवा दलदलीत गेलेली असू शकते. जमिनीपासून उचललेले चाक वर-खाली हलवून पाहावे. ते डुगडुगले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजलेले असण्याचा संभव असतो. सांगाड्यावर नव्याने केलेले वेल्डिंग दिसले, तर त्याचे कारण विचारलेच पाहिजे.

अनेक गाड्यांवर मैलांबरोबर इंजिन चाललेल्या तासांचीही नोंद असते. मैलांना तासांनी भागून पाहावे. १,२०० मैल आणि ३०० तास म्हणजे ताशी सरासरी अवघे चार मैल. अशी गाडी बहुतेक काळ ओझे ओढण्यात किंवा बर्फ लोटण्यात राबलेली असावी. केवळ 'कमी मैल' पाहून हुरळून जाण्यात अर्थ नसतो.

आकड्यांची मांडणी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विक्रेत्याने ५,८०० डॉलर मागितले आहेत आणि मार्गदर्शिकेतील सरासरी मूल्य ५,२०० आहे. टायर पार गुळगुळीत झाले असून नव्या संचाला ५०० डॉलर पडतील. परंतु ५,२०० या मूल्यात वापरलेले, मध्यम झिजलेले टायर गृहीत आहेत, म्हणून निम्मी रक्कम, म्हणजे २५० वजा करणे न्याय्य ठरेल. बॅटरीचे १०० आणि बेअरिंगच्या दुरुस्तीचे मजुरीसह २५० धरले, तर एकूण वजावट ६०० होते आणि रास्त भाव ४,६०० येतो. अशा वेळी ४,३०० पासून बोलणी सुरू करावी आणि ४,७०० ही कमाल मर्यादा घरीच लिहून ठेवावी. विंचसारख्या जोडसाधनांसाठी विक्रेत्याने मोजलेली पूर्ण रक्कम भावात धरू नये, आपल्याला उपयोग असेल तेवढेच मोल द्यावे.

बोलताना गाडीची निंदा टाळावी. दुरुस्तीची यादी समोर ठेवून, तिच्या आधारे अमुक रक्कम देण्याची तयारी आहे, असे सांगून थांबावे. लगेच स्वतःहून रक्कम वाढवू नये. मर्यादेत सौदा बसला नाही, तर फोन नंबर देऊन शांतपणे निघावे. आठवड्याभरात विक्रेत्याचाच फोन येणे दुर्मीळ नाही.

जिथे घासाघीस चालत नाही

सातबारा पाहिल्याशिवाय जमिनीचा व्यवहार कोणी करत नाही, तसेच येथे कागदपत्रांशिवाय पैसे देऊ नयेत. एटीव्हीसाठी काही राज्ये मालकीचे 'टायटल' देतात, तर काही केवळ नोंदणी करतात. म्हणून आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा. कागदावरील नाव विक्रेत्याच्या ओळखपत्राशी जुळावे आणि गाडीवर कर्जाचा बोजा नसावा. सांगाड्यावर कोरलेला व्हीआयएन कागदाशी ताडून पाहावा. 'नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरो'च्या मोफत सेवेत चोरीची नोंद तपासता येते. तीत सहभागी विमा कंपन्यांच्याच नोंदी असतात, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. क्रमांक खरवडलेला दिसला, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी परत फिरावे.

दुसरी बाब मुलांची. एटीव्हीच्या सुरक्षिततेवर 'कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन' ही संघीय यंत्रणा देखरेख ठेवते आणि परत मागवलेल्या सदोष मॉडेलांची यादीही तेथेच सापडते. सोळा वर्षांखालील मुलांनी प्रौढांसाठीची एटीव्ही चालवू नये, असा तिचा स्पष्ट इशारा आहे. कोणत्या वयासाठी गाडी योग्य आहे, हे सांगणारी पट्टी गाडीवरच असते. जुन्या बाजारात आजही तीनचाकी एटीव्ही दिसतात. त्या सहज उलटत असल्याने अमेरिकेतील उत्पादकांनी १९८८ मधील न्यायालयीन समझोत्यानुसार त्यांची नवी विक्री थांबवली. अशी गाडी कवडीमोलाने मिळाली तरी घेऊ नये.

सौदा ठरला की तारीख, रक्कम, व्हीआयएन आणि दोघांच्या सह्या असलेले विक्रीपत्र करावे. नोंदणीचे शुल्क आणि जेथे लागू असेल तेथे विक्रीकर ही रक्कम वेगळी लागते, तीही अंदाजपत्रकात आधीच धरावी.

दोनशे डॉलर जास्त गेले तर ते पुन्हा मिळवता येतात. चोरीची गाडी किंवा मुलाच्या हाती पडलेली अयोग्य गाडी यांची भरपाई कोणत्याही सवलतीने होत नाही. म्हणून आधी कागद, मग गाडीची तपासणी आणि भावाची बोलणी सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.